तलवारीमागचा हात

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये सिलेहखाना आहे, म्हणजे कछवाह राजांचं शस्त्रागार. नोकरीनिमित्त या शहरात राहायला आल्यापासून गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो. हवामहाल बाहेरून बघायचा, जंतरमंतरात उन्हाने हैराण व्हायचं आणि मग सिलेहखान्यात शिरायचं, हा आमचा क्रम ठरलेला. पाहुणे कट्यारींपाशी रेंगाळतात. त्यातली एक जात अशी की मूठ आवळली की पातं कात्रीसारखं फाकतं. शत्रूच्या पोटात शिरल्यावर फाकावं यासाठीच ती सोय. हे कळल्यावर पाहुण्यांमधला एखादा मामा हमखास विचारतो, "चालवता येतं का हो हे अजून कुणाला?" आणि बाकीचे हसतात.

मामाचा प्रश्न हसण्यासारखा नाही. पातं कुठलं, मूठ कशाची, ती कुणाच्या कमरेला होती, एवढं पाटीवर लिहिता येतं. पाय कुठे रोवायचा, खांदा किती वळवायचा, श्वास कधी सोडायचा, हे पाटीवर मावत नाही. ज्याला ते येत होतं तो माणूस गेला आणि जाताना सगळं घेऊन गेला. गवयाची चीज शिष्याच्या गळ्यात राहते, नाटककाराचं नाटक छापून राहतं. आखाड्यात उस्तादाकडून पठ्ठ्याकडे डाव उतरतात हे खरं, पण डाव उतरतो, उस्तादाची चपळाई उतरत नाही.

हे शहर नुसती शोभेची शस्त्रं बाळगणारं नव्हतं. दादू दयाळ इथून जवळच्या नरैना गावी राहिले, तिथेच गेले. त्या निर्गुणी संताच्या पंथात पुढे नागा साधूंची एक शाखा झाली, आणि हे नागा तलवारी घेऊन जयपूर दरबारच्या फौजेत लढू लागले. वारकऱ्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो. शिवाय मराठी माणसाने जयपुरात तलवारीविषयी फार मोठ्याने बोलू नये. मराठ्यांच्या पैशाच्या तगाद्यापुढे हतबल होऊन सवाई ईश्वरीसिंहाने १७५० च्या डिसेंबरात स्वतःचा जीव घेतला. पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेले मराठे जयपूरकरांनी गाठून कापले. ईश्वरीसिंहाने बांधलेला ईसरलाट हा मनोरा अजून उभा आहे. तो दाखवताना मी पाहुण्यांना एवढंच सांगतो की बांधकाम सुंदर आहे.

याच घराण्यात पुढे सवाई रामसिंह दुसरे झाले. त्यांना फोटोग्राफीचा नाद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वतः काढलेले फोटो, अगदी जनान्यातल्या बायकांचेसुद्धा, काचेच्या प्लेटांवर आजही राजवाड्याच्या संग्रहात आहेत. याच राजाने १८७८ मध्ये रामप्रकाश नावाचं नाटकघर बांधलं, पुढे तिथे सिनेमे लागू लागले. त्या काळातल्या फोटोंतली माणसं मी निरखून बघतो. तलवारीवर हात ठेवलेले सरदार आहेत, झोकात बसलेला राजा आहे. पण त्या कॅमेऱ्यासमोर हलायची बंदी होती. हललं की चित्र पुसट व्हायचं. म्हणजे जयपूरने तलवार जपली आणि तलवारवाल्याचा चेहराही जपला. वार कसा व्हायचा, तेवढं राहून गेलं.

ते धरून ठेवायचं यंत्र नंतर आलं, आणि आपल्याकडे त्या यंत्रासमोर जो पहिला मोठा तलवारबाज उभा राहिला तो मराठी होता. मास्टर विठ्ठल. आज हे नाव प्रश्नमंजूषेत येतं, 'आलम आरा'चा नायक कोण, या एका प्रश्नापुरतं. ते उत्तर बरोबर आहे, पण त्यातून त्या माणसाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, कारण 'आलम आरा'च्या आधीची पाच वर्षं हीच विठ्ठलांची खरी कारकीर्द होती.

लहानपणी ते राजापूरकर नाटक मंडळीत होते. तिथून कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि संकलनाच्या खोलीत कामाला लागले. पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते 'कल्याण खजिना'त, १९२४ साली, नर्तकीच्या वेशात. पुढे जो देशभरच्या पोरांना मर्दानी हिरो म्हणून वेड लावणार होता तो आधी लुगडं नेसून नाचला, याचं मला फार अप्रूप वाटतं. नाचणाऱ्याच्या पायाला ताल असतो आणि मारामारीच्या प्रसंगाला तालाशिवाय अर्थ नसतो. संकलनाच्या कामाचाही त्यांना उपयोग झाला असणार. उडी पडद्यावर कुठून दिसायला लागते आणि कुठे तोडली की जास्त लांब वाटते, हे कात्री चालवलेल्या माणसाला आतून ठाऊक असतं.

मुंबईत नानूभाई देसाईंच्या शारदा फिल्म कंपनीने १९२६ च्या 'रतन मंजरी'त त्यांना नायक केलं. डग्लस फेअरबँक्सचा 'थीफ ऑफ बगदाद' तेव्हा आपल्याकडे धो धो चाललेला होता. भिंतीवरून उड्या, झुंबराला लोंबकळणं, एकट्याने दहा जणांना लोळवणं, या सगळ्याची प्रेक्षकाला चटक लागली होती. शारदाने ते सगळं उचललं आणि त्याला राजपुती थाट दिला. पगडी, अंगरखा, कमरेला तलवार, किल्ल्यात कोंडलेली राजकन्या. विठ्ठलांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. कोल्हापुरातून आलेला मराठी गडी गुजराती मालकाच्या कंपनीत राजपूत राजपुत्र होऊन अमेरिकन नटासारखा उड्या मारतोय, आणि ते बघायला गिरणगाव लोटतंय. मूकपट होता म्हणूनच हे जमलं. शरीराला प्रांत नसतो आणि पडद्यावर कुणी तोंड उघडत नव्हतं.

मग १९३१ साल आलं आणि पडद्यावरच्यांनी तोंड उघडलं.

अर्देशीर इराणी पहिला बोलपट काढत होते. नायक म्हणून त्यांनी बाजारातला सर्वांत चलती असलेला नट उचलला. विठ्ठल शारदा सोडून निघाले तेव्हा कंपनीने करारभंगाचा दावा लावला, आणि विठ्ठलांची बाजू मांडायला कोर्टात बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. विठ्ठल जिंकले. मेहबूब खान तेव्हा होतकरू होते, ही भूमिका त्यांनाही हवी होती म्हणतात. त्यांना ती मिळाली नाही, हे हिंदी सिनेमाच्या पथ्यावरच पडलं म्हणायला हवं, नाहीतर दिग्दर्शक मेहबूब खान आपल्याला मिळाले असते की नाही कोण जाणे.

तर कोर्टात जिनांच्या जिभेने जिंकलेला खटला स्टुडिओत स्वतःच्या जिभेने हरण्याची पाळी आली. संवाद उर्दू वळणाचे, आणि विठ्ठलांची जीभ मराठी. उच्चार काही केल्या बसेनात. त्यावर तोड काढली ती अशी की राजपुत्र बराच वेळ गुंगीतच दाखवायचा. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये चित्रपट लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाचा नायक फारसा बोलत नव्हता. ज्याने आयुष्यभर शरीराने बोलून पैसा मिळवला त्याला, सगळे बोलायला लागल्याबरोबर, अर्धवट शुद्धीत पडून राहायला सांगितलं.

त्यानंतर विठ्ठल संपले असं नाही. 'आवारा शहजादा' त्यांनी १९३३ मध्ये स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यात दुहेरी भूमिका केली. पुढे ते कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांतून आले. तिथे तलवार होती आणि भाषा घरची होती. पण तोवर नायकपण हळूहळू चरित्र-भूमिकांत विरत गेलं होतं. १९६९ मध्ये ते गेले.

स्टंटपट ही जात आपल्याकडे कायम पायरीखालची मानली गेली. वाडिया बंधूंनी त्यावर कंपनी उभी केली, त्यांच्या नायिकेने, नादियाने, चाबूक उगारला, पण समीक्षकाने त्यावर शाई खर्च करायची नाही असा जणू ठराव होता. भगवानदादा आपल्याला 'अलबेला'तल्या नाचासाठी आठवतात. कुस्तीचं वेड असलेल्या या गिरणीकामगाराच्या पोराने त्याआधी दहाएक वर्षं कमी पैशांत मारधाडीचे चित्रपट काढले आणि त्यावर कामगार प्रेक्षक जगवला, हे कुणी सांगत नाही. त्यांचा जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि पुढची दादरची चाळ यांतलं अंतर मात्र सगळ्यांना पाठ असतं. आपल्याकडे कलावंताची उडी लक्षात राहत नाही, त्याचं पडणं राहतं.

याला एक अपवाद मला इथल्या बागेत सापडला. सकाळी मी अल्बर्ट हॉलसमोरच्या रामनिवास बागेत फिरायला जातो. एका कोपऱ्यात पांढऱ्या गणवेशातली पोरं कराटेच्या रांगेत उभी असतात आणि त्यांचे सर जपानी आकडे मारवाडी हेलात ओरडतात. सर पाणी प्यायला गेले की रांग मोडते. एके दिवशी त्यातल्या एका बारक्याने अंगठ्याने नाक उडवलं, एक हात पुढे धरून बोटांनी समोरच्याला 'ये' म्हटलं आणि चिरका आवाज काढला. मी विचारलं, "कुणाची नक्कल बेटा?" तो म्हणाला, "टायगर श्रॉफ की, अंकल." दुसरा म्हणाला, "नहीं नहीं, विद्युत जामवाल." तिसऱ्याला नाव आठवत नव्हतं, पण त्याने सांगितलं की एक चायनीज होता, वो तो मर गया.

तो चायनीज मेला तेव्हा या पोरांचे वडीलही बहुधा जन्मले नव्हते, आणि नाक उडवण्याची लकब कशी येते तर अगदी बरोबर येते.

तो चायनीज म्हणजे ब्रूस ली, आणि तो राजस्थानात येऊन गेला आहे. हे इथे सांगितलं की लोक मला थापाड्या समजतात. १९७१ च्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा तो कुणीच नव्हता. म्हणजे अमेरिकेत 'ग्रीन हॉर्नेट' या मालिकेत काटो नावाच्या शोफरचं काम त्याने १९६६-६७ मध्ये केलं होतं. त्यात त्याचे हात इतके वेगाने चालत की कॅमेऱ्याला दिसावं म्हणून त्याला सावकाश मार म्हणून सांगावं लागे. पण मालिका एका हंगामात बंद पडली. नंतर तो हॉलिवूडच्या बड्या लोकांना खासगीत शिकवू लागला. स्टीव्ह मॅक्क्वीन, जेम्स कोबर्न, पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट हे त्याचे शिष्य. मधेच १९७० मध्ये वजन उचलताना पाठ अशी दुखावली की डॉक्टरांनी पुन्हा लाथ मारता येणार नाही म्हणून सांगितलं. कित्येक महिने तो पडून होता. त्या पडून राहण्यात त्याने वह्याच्या वह्या भरल्या. घर नुकतंच घेतलेलं, त्याचे हप्ते डोक्यावर, दोन लहान मुलं, आणि बायको लिंडा रात्रपाळीला जाऊ लागली.

अशा अवस्थेत त्याने, कोबर्नने आणि सिलिफंटने 'सायलेंट फ्लूट' नावाची पटकथा तयार केली. वॉर्नर ब्रदर्सने होकार दिला, पण एका अटीवर. कंपनीचे बरेच रुपये भारतात अडकून पडले होते, आपल्या तेव्हाच्या परकीय चलनाच्या नियमांमुळे ते बाहेर नेता येत नव्हते. तेव्हा चित्रपट भारतातच काढा आणि ते रुपये वापरा. म्हणून हे तिघं जागा शोधायला भारतात आले. दिल्ली, तिथून राजस्थानचं वाळवंट, मग मद्रास, मग गोवा. ओळखीचा चेहरा कोबर्नचा, मानपान कोबर्नला. गाडीत वाळवंटातून तासन् तास जाताना ली गाणी गुणगुणत बसे, आणि कोबर्न वैतागे. मद्रासला त्यांनी आपल्याकडचे लढणारे तपासले, ते काही त्यांच्या पसंतीला उतरले नाहीत. गोव्यात हिप्पी भेटले. शेवटी कोबर्नने सांगितलं की इथे हा चित्रपट होणार नाही. वॉर्नरने हात आखडला आणि विषय मिटला.

राजस्थानच्या रस्त्यांवरून मी पुष्कळदा जातो. खेजडीची झाडं, उंट, दूरवर एखाद्या बाईची लाल ओढणी, बाकी काही नाही. या मोकळ्या रानातून तीस वर्षांचा एक माणूस गेला, ज्याचं पुढचं सगळं गणित या एका चित्रपटावर होतं, आणि ज्याला आपल्या शेजारच्या सीटवरचा माणूस आपल्यापेक्षा मोठा का मानला जातो हे रोज डोळ्यांनी दिसत होतं. ढाब्यावर त्याला कुणी ओळखलं नसणार. त्याच राजस्थानात, जोधपूरला, २०१६ मध्ये जॅकी चॅन 'कुंग फू योगा'च्या चित्रीकरणाला आला तेव्हा बघ्यांची काय झुंबड उडाली. मधल्या काळात जे बदललं ते त्या आधीच्या, न ओळखलेल्या प्रवाशाने बदललं.

आणि तेही किती झटकन. भारतातून परतल्यावर काही महिन्यांत ली हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्ट कंपनीशी दोन चित्रपटांचा करार करून थायलंडमध्ये पाक चोंग नावाच्या गावी होता. 'द बिग बॉस' १९७१ च्या शेवटी लागला आणि हाँगकाँगमधले कमाईचे विक्रम त्याने मोडले. १९७२ मध्ये 'फिस्ट ऑफ फ्युरी'. त्याच वर्षी त्याने स्वतः लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'वे ऑफ द ड्रॅगन', ज्याच्या शेवटी रोमच्या कलोसियममध्ये चक नॉरिसशी त्याची झुंज आहे. मला सगळ्यांत आवडते ती हीच. त्यात लढाई सुरू होण्याआधी दोघं आपापले सांधे मोकळे करत बसतात, बोटं मोडतात, खांदे फिरवतात. एखाद्या दिग्दर्शकाने हे कापून टाकलं असतं. लीने ठेवलं, कारण त्याच्या लेखी लढाई तिथूनच सुरू होते. आणि मधे एक मांजराचं पिल्लू येतं. ते का, हे मला अजून समजलेलं नाही, पण ते नको असं कधी वाटलं नाही.

लीच्या वाट्यालाही जिभेचा आणि चेहऱ्याचा प्रश्न आलाच. वॉर्नरच्याच 'कुंग फू' मालिकेत शाओलिनच्या भिक्षूच्या भूमिकेसाठी त्याचा विचार झाला होता. त्याचं इंग्रजी फार चिनी वाटतं, अमेरिकन घराघरांत ते चालणार नाही, असं ठरलं आणि भूमिका डेव्हिड कॅरॅडीनला गेली. कॅरॅडीनला कुंग फू येत नव्हतं. कुंग फू आलं पाहिजे ही अट नव्हतीच. पुढे ली गेल्यावर 'सायलेंट फ्लूट'ची कथा 'सर्कल ऑफ आयर्न' नावाने १९७८ मध्ये पडद्यावर आली, इस्रायलमध्ये चित्रीकरण झालेली, आणि लीने स्वतःसाठी लिहिलेल्या भूमिकांत पुन्हा कॅरॅडीनच होता.

हाँगकाँगच्या चित्रपटांतही त्याचा आवाज त्याच्याकडे राहिला नाही. तिथे तेव्हा चित्रीकरण मुकं व्हायचं आणि आवाज मागून भरायचे. चित्रपट मँडरिनमध्ये जायचे, याची घरची बोली कँटोनीज. आपल्याकडे व्हिडिओ पार्लरमध्ये त्याला इंग्रजी बोलताना ज्यांनी ऐकलं त्यांनी बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला ऐकलं. आज जयपूरच्या चहाच्या टपरीवर मोबाइलवर तो हिंदीतून शिव्या देतो. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या इंग्रजीत त्याचा चित्रपट जगभर गेला तो 'एंटर द ड्रॅगन'. १९७३ च्या १० मेला त्याच चित्रपटाचं ध्वनिमुद्रण करत असताना तो कोसळला. आवाज येऊ नये म्हणून खोलीतलं वातानुकूलन बंद ठेवलेलं होतं. मेंदूला सूज आली होती. त्यातून तो वाचला. दोन महिन्यांनी, २० जुलैला, एका अभिनेत्रीच्या घरी डोकं दुखतंय म्हणून गोळी घेऊन झोपला तो उठला नाही. वय बत्तीस. चौकशीत गोळीतल्या औषधाचं वावडं हे कारण निघालं आणि अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली. 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत लागला तेव्हा त्याला सिएटलमध्ये पुरून काही आठवडे झाले होते.

त्यानंतर आमच्या पिढीने जे केलं ते लिहायलाच हवं. झाडूचे दांडे तोडून, सायकलच्या चेनचा तुकडा मधे अडकवून गल्लोगल्ली नानचाकू तयार झाले. मिरजेच्या आमच्या आळीत पोरांच्या कपाळांना टेंगळं आली. तालमीतले वस्ताद म्हणायचे, हे काय माकडचाळे, शड्डू ठोका. पण त्यांच्याच तालमीत मारुतीच्या तसबिरीच्या बाजूला उघड्या अंगाच्या लीचं पोस्टर लागलं आणि कुणी काढलं नाही. वस्तादांनाही ते शरीर बघताना कळत होतं की यात खोट नाही. भरीव दंड नव्हते, साडेपाच-पावणेसहा फुटांच्या आतली उंची, वजन साठ-पासष्ट किलोंच्या घरात. पोसलेल्या पहिलवानापुढे पोरगा. तरी पोस्टरकडे बघून वस्ताद एकदा म्हणाले, "ह्याच्या पोटात ताकद आहे." यापेक्षा जास्त नेमकं मत मी लीवरच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

नायक म्हणून पुरे झालेले त्याचे चित्रपट मोठा झाल्यावर चारच. 'गेम ऑफ डेथ' अर्धवट राहिला आणि १९७८ मध्ये तोतये उभे करून पुरा केला गेला. एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर जगातला सगळ्यांत नक्कल होणारा नट उभा आहे, आणि रामनिवास बागेतल्या पोराचं नाक बरोबर उडतं. माझ्या मते याचं कारण अगदी साधं आहे. ते चार चित्रपट शिल्लक आहेत. ज्याला शंका असेल त्याने लावून बघावं, थांबवून बघावं, उलटं फिरवून बघावं. वेग खरा होता का? होता. पाय तिथवर पोचत होता का? पोचत होता. शरीराची साक्ष काढायची तर शरीरच दाखवावं लागतं. वर्णनाने काम होत नाही.

आणि विठ्ठल? मी त्यांच्याविषयी वर एवढं लिहिलं, त्यात त्यांची एकही उडी नाही. मला ती वर्णन करता येत नाही, कारण मी ती पाहिलेली नाही, आणि ज्यांनी पाहिली ते आता नाहीत. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट निघाले. आज त्यातले पुरे-अपुरे मिळून जेमतेम तीसेक उरलेत. ती फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी आणि आपोआप कुजणारी. शिवाय तिच्यात चांदी असते. चित्रपट उतरला की रिळं चांदीसाठी विकायची ही तेव्हाची रीतच होती. 'आलम आरा'ची एकही प्रत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर सांगत की इराणींच्या घरी उरलेली काही रिळं चांदी काढून घेऊन टाकून दिली गेली होती. संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर बराच माल भट्टीत गेला होता. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठीला आग लागली आणि नायट्रेटच्या कित्येक जुन्या प्रती एका झटक्यात गेल्या. फेअरबँक्स आज कुणालाही बघता येतो. ज्याला त्याच्या नावाने ओळखलं त्या आपल्या माणसाची मूकपटातली उडी मात्र ऐकीव आहे.

जयपूरमध्ये राजाने काढलेल्या काचेच्या प्लेटा जपल्या गेल्या, कारण त्या राजाच्या होत्या. स्टंटपट बघणारा गिरणीकामगार, टांगेवाला, हमाल यांना संग्रह करायची ऐपत नव्हती आणि ज्यांना ऐपत होती त्यांना ते चित्रपट संग्रह करण्याच्या लायकीचे वाटले नाहीत. आपण चित्रपटाचा इतिहास लिहिला तो गाण्यांचा आणि संवादांचा लिहिला. माझं स्पष्ट मत आहे की विठ्ठल, भगवान, नादिया, स्टंटपटांतलेच जॉन कावस यांना आपण दुय्यम ठरवलं त्यात त्यांच्या कलेचा दोष नव्हता, आपला कान डोळ्यापेक्षा मोठा होता.

अजून काही सापडू शकतं. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई इथल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या थिएटरांच्या अडगळीत, फिरत्या टुरिंग टॉकीजवाल्यांच्या घरी पत्र्याचे गोल डबे असतात. इकडे राजस्थानातही असतील, कारण तलवारीचे सिनेमे इथे भरपूर चालत. तुमच्या घरात असा डबा असेल तर तो उन्हात ठेवू नका, देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या जवळ ठेवू नका. फिल्म चिकट झाली असेल किंवा तिची भुकटी पडत असेल तर उलगडून बघू नका, कुठल्या जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका, आणि कुरिअरने तर अजिबात पाठवू नका. डब्यावर काही लिहिलं असेल तर त्याचा फोटो काढा आणि पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. पुढचं काय करायचं ते तिथली माणसं सांगतील. भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एवढा एक फोन करा.